तालमीची वाइन

औषधवाल्यांना बाटली हलवायची सवय होती. दुकानात कोणी खोकल्याचं औषध मागितलं की फळीवरून बाटली काढायची, मनगटाने चांगली खालीवर करायची आणि मगच कागदी पिशवीत घालायची. का, असं कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं, कारण त्यांचा हात त्यांना न विचारताच हलायचा. घरीही तेच. दूध, तेल, शाई, केसांचा रंग, बाटलीत जे काही असेल ते औषधवाल्यांच्या हातून हलल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकदा त्यांनी पाहुण्यांना पिण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा हलवून दिली होती, आणि पाहुण्यांनी ती तोंडाला लावण्याआधी उजेडात धरून पाहिली होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नंतर गडबडीत राहून जाईल.

गोष्ट मात्र बाटलीपासून सुरू होत नाही. ती पडद्यांपासून सुरू होते.

औषधवाल्यांच्या बायकोला एक थोरली बहीण होती, ताई. ताई दूरच्या शहरात मोठ्या घरात राहायची आणि क्वचित कधीतरी धाकटीकडे यायची. आली की सुचवायची. हा सोफा त्या भिंतीला लावला तर खोली मोठी दिसेल. हे पडदे कुणी निवडले? केस जरा वर बांधत जा, चेहरा उघडा दिसतो. भाऊजी, दुकानाची पाटी हिरवी करा. ताईच्या मनात काही वाईट नसायचं, आणि खरी पंचाईत तीच होती. मनात वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे माणूस आपल्या भल्याचं बोलतोय म्हटल्यावर ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही. जाताना दारात ती म्हणायची, "बघू आता परत कधी जमतं ते," आणि मग बरेच दिवस जमायचं नाही. ती गेली की औषधवाल्यांची बायको संध्याकाळभर पडद्यांकडे बघत बसायची.

या वेळी साडूंचा फोन आला की पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी दोघं दुपारच्या जेवणाला येतायत. बायको तेव्हा मटार सोलत होती. सोलता सोलता, मान वर न करता ती म्हणाली, "अहो, एक सांगू? ताईने एकदा या घरात यावं, जेवावं आणि काहीही न सुचवता जावं. मला दुसरं काही नको."

औषधवाल्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. उभ्या जन्मात त्यांनी कोणाकोणाच्या तक्रारींवर फळीवरून काही ना काही काढून दिलं होतं. बायकोने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं आणि ते नेमकं फळीवर नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. काय वाटेल ते झालं तरी तिला हे मिळवून द्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि मटार सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी साडूंचा परत फोन. साडू टाइल्सचे व्यापारी. बाथरूमच्या फरशीबद्दलसुद्धा ते असं बोलायचे की ऐकणाऱ्याला आपण आजवर अंघोळ केली ती उगाचच असं वाटावं. ते नुकतेच टाइल्सच्या प्रदर्शनासाठी स्पेनला जाऊन आले होते आणि येताना तिथली रेड वाइनची एक बाटली घेऊन आले होते. तिचं वर्णन त्यांनी फोनवर केलं. दमदार आहे साडूभाऊ, काळी फळं आहेत, ओकचं लाकूड आहे, मागून थोडं चामडं येतं आणि शेवटी तंबाखू. औषधवाल्यांना हे पोटात जाणाऱ्या पदार्थाचं वर्णन आहे यावर विश्वास बसेना, पण ते हं हं करत राहिले. साडू म्हणाले, बाटली मी पार्सलने पुढे पाठवतो, प्रवासाने ती दमते, तिला आठ-दहा दिवस आराम पडू दे. आधी आडवी ठेवा. आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनी आहे, गाळ असणारच. आणि काहीही झालं तरी हलवू नका.

"आणि जेवणाचं तेवढं बघा," साडू शेवटी म्हणाले. "हिच्यापुढे ऐरंगैरं जेवण टिकत नाही."

ऐरंगैरं हा शब्द औषधवाल्यांना लागला. पण फोन ठेवता ठेवता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जेवण आणि वाइन अशी जुळवायची की बोलायला जागाच राहू नये. माणसाचं तोंड तृप्त असलं की ते सुचवत नाही. ही योजना त्यांनी बायकोला सांगितली. बायकोने, ताई तोंडात घास असतानाही सुचवते, अशी शंका काढली, पण तिच्या डोळ्यांत आशा दिसली. झालं, आता माघार नव्हती.

पहिलं विघ्न पार्सल कचेरीत. साडूंनी पत्ता दुकानाचा दिला होता, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: काच, द्रव, हलवू नये. पत्त्यात मेडिकल स्टोअर्स आणि आत द्रव, म्हणजे हे औषध, असा निष्कर्ष तिथल्या कारकुनाने काढला आणि खोकं उघडून बाटली तपासली. तिच्यावर कुठल्या तरी जुन्या सालाचा आकडा छापलेला होता. कारकुनाने तो बोटाने दाखवला आणि म्हणाला, हे तर कधीच बाद झालंय, बाद औषध आम्हाला ताब्यात देता येत नाही, नष्ट करावं लागतं.

औषधवाल्यांनी समजावलं की हे साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल, आणि ही वस्तू जुनी होईल तशी चांगली होते. मुदत संपलेला माल फळीवरून काढणं हे त्यांनी जन्मभर पूजेइतक्या निष्ठेने केलेलं काम. आता तेच एका सरकारी माणसासमोर उभं राहून सांगत होते की जुना माल उत्तम असतो. त्या कारकुनाने त्यांच्याकडे असं बघितलं की आपल्या दुकानाचा परवाना आता जातो की काय, असं त्यांना वाटू लागलं.

बरं, औषध नाही म्हणावं तर ते औषधाच्या दुकानात का आलं? आणि आहे म्हणावं तर नष्ट. या कात्रीत औषधवाले बराच वेळ अडकले. एकदा या खिडकीवर, एकदा त्या खिडकीवर, मधल्या काळात जेवणाची सुट्टी. शेवटी वरिष्ठांनी तोडगा काढला: स्वतःच्या वापरासाठी नेतोय असं लिहून द्या. औषधवाल्यांनी लिहायला घेतलं. खाली वापराचं कारण असा रकाना होता. डोक्याचा भुगा झालेला, सकाळपासून पोटात काही नाही; त्यांनी खरं ते लिहून टाकलं, की साडू येणार आहेत.

कारकुनाने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग शिक्का मारला आणि खोकं दोन्ही हातांनी, अगदी अलगद, औषधवाल्यांच्या स्वाधीन केलं. त्यालाही साडू असावा.

बाटली घरी आली आणि कपड्यांच्या कपाटात, बायकोच्या घड्या केलेल्या साड्यांवर आडवी झाली. मग सल्ले सुरू झाले. बातमी बाहेर कशी गेली देव जाणे. दुकानाशेजारी दातांचा दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की असली वाइन प्यायली की दात जांभळे होतात, तेव्हा पाहुण्यांना हसवू नका. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे, ते जन्मभर जहाजावर वायरलेस सांभाळून निवृत्त झाले होते. त्यांना सगळे वायरलेसवाले म्हणत. त्यांनी जगातली झाडून सगळी बंदरं पाहिली होती. फक्त ती वायरलेसच्या खोलीच्या गोल खिडकीतून पाहिली होती. स्पेनबद्दल त्यांचं मत ठाम होतं. मासा करा, ते म्हणाले, समुद्राकाठचा देश आहे, दुसरं काय खाणार? दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, छे, नुसते ऑलिव्ह. तिसऱ्या वेळी त्यांनी वाइनचा विषय सोडला आणि बूच कसं काढणार, एवढंच विचारलं.

हे खरंच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बूच काढायचा स्क्रू अख्ख्या इमारतीत एकाकडेच होता, वायरलेसवाल्यांच्या चाकूत, आणि तो चाकू ते कोणाला उसना देत नसत. चाकू जिथे जाईल तिथे ते स्वतः जात. त्यामुळे रविवारच्या जेवणाला आणखी एक पान वाढलं.

राहता राहिला मूळ प्रश्न. बाटली एक. ती उघडायची रविवारी. मग तिच्याबरोबर काय चांगलं लागतं हे आधी कळणार कसं? बायको म्हणाली, अंदाजाने करू. पण अंदाजाने करू म्हणायला हा माणूस कोणी हलवाई नव्हता. औषधवाल्यांच्या वडिलांच्या काळी दुकानात औषधं खलबत्त्यात कुटून, मापाने मिसळून बनवली जात. औषधवाल्यांनीही तरुणपणी ते केलं होतं. पुढे सगळं तयार बाटल्यांत यायला लागलं आणि हाताला काम उरलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून तो खल काढला, धुतला, पुसला आणि जाहीर केलं की आपण वाइन बनवायची.

खरी नव्हे, तालमीची. नाटकात नाही का, राजाचे कपडे शिवून व्हायच्या आत नट चादर गुंडाळून तालीम करतात.

साडूंनी सांगितलेलं वर्णन त्यांनी प्रिस्क्रिप्शनसारखं समोर धरलं. काळी फळं: काळ्या द्राक्षांचा रस. तुरटपणा: चहा काळाकुट्ट होईपर्यंत उकळून गार केला, आणि वर खलात कुटलेल्या तुरटीची चिमूट. ओकचं लाकूड मिळेना, म्हणून एक जुनी पेन्सिल तासली आणि तिचा भुसा फडक्यात बांधून त्या रसात बुडवून काढला. चामड्यासाठी औषधवाल्यांनी स्वतःचा कमरेचा पट्टा काढला. तो वाइनमध्ये घालायचा नव्हता, प्यायच्या आधी हुंगायचा होता. तंबाखूला बायकोने हात जोडून नकार दिला. पहिला घोट तिने घेतला, तोंड गोळा झालं, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दमदार आहे."

मग रोज दुपारी, दुकान बंद ठेवून जेवायला घरी आले की तालीम. मासा आणला. घोट घेतला, घास घेतला, आणि दोघांना एकदमच लोखंडी खिळा चघळल्यासारखं वाटलं. मासा बाद. भरपूर मिरची घातलेला रस्सा केला, तर कानापर्यंत आग गेली आणि तालमीची वाइन त्या आगीत तेल ओतू लागली. बाद. उकडलेल्या अंड्याबरोबर काय झालं ते न सांगितलेलं बरं. मग एके दिवशी मिरी आणि लसूण लावून, मीठ सढळ हाताने टाकून, चरबीसकट भाजलेलं मटण आलं. औषधवाल्यांनी घास घेतला, घोट घेतला, आणि तोंडातला तुरटपणा कोणी फडक्याने पुसून घ्यावा तसा गेला. त्यांनी परत घोट घेतला. परत घास घेतला.

टॅनिन! तुरटपणामागचा हा टॅनिन तर त्यांच्या ओळखीचा माणूस निघाला. घशाच्या गुळण्यांत, हिरड्यांच्या औषधात त्यांनी तो वर्षानुवर्षं विकला होता. अगं, तो आपल्या लाळेतली प्रथिनं पकडतो म्हणून तोंड कोरडं पडतं, ते हातवारे करून सांगू लागले. त्याच्यापुढे मटण टाकलं की तो मटणाच्या मागे लागतो आणि आपली सुटका होते. मीठही त्याला नरम करतं. जुनं कडक चीज चालेल, भाजलेलं वांगं चालेल, मशरूम चालतील. गोड नको, गोडाने तो आणखी कडू होतो. बायको हनुवटीला हात लावून ऐकत होती. त्यांना एवढं भरभरून बोलताना तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. शेवटी तिने पट्टा उचलला, हुंगला आणि म्हणाली, याच्याशिवाय मजा येत नाही. दोघं इतकी हसली की वरून वायरलेसवाल्यांनी काय झालं म्हणून विचारलं.

उरलेली तालमीची वाइन औषधवाल्यांनी एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत भरली, तिच्यावर नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली आणि ती फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवली.

रविवार उजाडला. मटण भाजलं जात होतं, वांगी तयार होती, चीज कापून ठेवलं होतं. खरी बाटली आदल्या दिवशीच कपाटातून काढून टेबलाच्या मधोमध उभी केली होती आणि तिच्या आजूबाजूने सगळे पाय न वाजवता चालत होते. साडू आणि ताई आले. ताईने दारातूनच खोलीवर नजर फिरवली. ती नजर सोफ्यावरून पडद्यांवर गेली, पडद्यांवर थांबली, आणि बायकोने श्वास रोखला. तेवढ्यात वायरलेसवाले चाकू घेऊन हजर झाले आणि तो क्षण टळला.

सगळे टेबलाशी बसले. साडूंनी बाटलीकडे पाहून समाधानाने मान हलवली. पाण्याचे सगळे पेले एकसारखे लावलेले होते, पांढरी चादर इस्त्री केलेली होती, मटणाचा वास घरभर पसरला होता. सगळं इतकं नीट जुळून आलं होतं की औषधवाल्यांना दोन शब्द बोलावेसे वाटले. इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण इतके दिवस केलेला अभ्यास पोटात मावत नव्हता. ते उठले, बाटली उचलली, आणि शिक्षकाच्या आवाजात सांगू लागले.

"आता या वाइनचं मुख्य लक्षण म्हणजे तळाशी बसलेला गाळ. जुनी आणि दमदार असल्याची ती खूण. म्हणून ही बाटली काहीही झालं तरी हलवायची नाही."

आणि हे वाक्य म्हणता म्हणता त्यांनी ती हलवली. खालीवर, मनगटातून, चांगली. जशी ते रोज हलवत तशी.

औषधवाले स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. बाटलीच्या आत, हिरव्या काचेमागे, इतक्या वर्षांचा गाळ ढगासारखा वर चढत होता.

"हलवलीत," साडू म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गडबडीत वायरलेसवाल्यांनी बाटली हातात घेतली आणि प्रसंग सावरण्यासाठी स्क्रू घुसवला. जुनं बूच, अर्धं बाहेर आलं, अर्धं भुसा होऊन आत पडलं. तरी धीर करून एका पेल्यात ओतलं. पेल्यात जे आलं त्याला वाइन म्हणणं जड गेलं असतं. गढूळ, वर बुचाचे कण तरंगतायत. गिऱ्हाइकाने दुकानात असली बाटली परत आणली असती तर औषधवाल्यांनी मुकाट्याने बदलून दिली असती. ताईने पेल्याकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहिलं. मग तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "भाऊजी, मी काय म्हणते..."

औषधवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. इतके दिवस जपलेली एक इच्छा, ती आता त्यांच्याच हाताने गेली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गाळून देतो," ते घाईघाईने म्हणाले, आणि ताईला वाक्य पुरं करायला मिळायच्या आत जिना उतरून दुकानाकडे धावले.

काचेचं नसराळं, गाळण कागद आणि स्टँड घेऊन ते परत आले. टेबलावर प्रयोगशाळा मांडली. गाळण कागद हा प्रकार कामाला चोख, पण त्याला घाई ठाऊक नाही. वाइन थेंबाथेंबाने पडू लागली. एक थेंब. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा थेंब. वायरलेसवाले थेंबांच्या तालावर बोट वाजवत होते आणि मधूनच सांगत होते की हे कुठल्या तरी जहाजाच्या धोक्याच्या इशाऱ्यासारखं वाटतंय. साडू हाताची घडी घालून बसले होते. मटण गार होत होतं, औषधवाले नसराळ्यापाशी उभे होते आणि आपण जमिनीत जावं तर कुठल्या फरशीतून जावं याचा विचार करत होते. टाइल्सचा व्यापारी समोर बसलेला असताना ही मोठीच पंचाईत.

इतक्यात त्यांच्या लक्षात आलं की बायका टेबलाशी नाहीत. स्वयंपाकघरातून काहीतरी आवाज येतोय. ते पेला आणायच्या निमित्ताने दारापर्यंत गेले आणि तिथेच थिजले.

ताई स्टुलावर बसली होती. तिच्या हातात स्टीलचा पेला होता आणि ओट्यावर फ्रीजमधली ती औषधाची बाटली. पाणी काढायला गेली असणार. बाटलीवर औषधवाल्यांच्या टपोऱ्या अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं: तालमीची वाइन. दमदार. वापरण्यापूर्वी चांगली हलवा.

आता उरलीसुरली आशाही गेली, औषधवाल्यांना वाटलं. आता ही बाई वर्षभर पुरेल इतकं सुचवणार. पण बायको खाली मान घालून बसली नव्हती. ती सगळं सांगत होती, चहा, तुरटी, पेन्सिलीचा भुसा, मासा, अंडं, काही म्हणजे काही लपवत नव्हती. आणि पट्ट्यापाशी आली तेव्हा तिला हसू आवरेना. ताईने घोट घेतला. तिचं तोंड गोळा झालं. मग तिने ताटलीतला मटणाचा तुकडा उचलला, चावला, परत घोट घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं, खरंच जातो की तुरटपणा," ती म्हणाली. मग पेल्याकडे बघत राहिली. "आठवतं तुला? आपण पलंगाखाली बसून दंतमंजनाचं सरबत करायचो. आणि बाबांना पाजायचो."

"बाबा पूर्ण प्यायचे."

"पूर्ण. आणि तोंड पुसून म्हणायचे, उत्तम झालंय. फक्त पुढच्या वेळी दंतमंजन जरा कमी."

ताईने पेला पुढे केला, बायकोने त्यात आणखी ओतली आणि आपल्यालाही घेतली. औषधवाले पाऊल न वाजवता मागे फिरले. पेला आणायचा राहिलाच.

बाहेर नसराळ्याखाली आता दोन-अडीच पेले वाइन जमली होती, गडद आणि स्वच्छ, पेला कलता केला की कडेला माणकासारखी लाल. गार झालेलं मटण पुन्हा गरम करून आणलं. साडूंनी पेला नाकाशी नेला, घोट घेतला आणि सवयीने काळी फळं म्हणायला तोंड उघडलं. मग मटणाचा घास घेतला आणि बोलणं राहून गेलं. औषधवाल्यांनीही घोट घेतला. तालमीपेक्षा पुष्कळ वेगळी होती ही; आधी तोंड आवळून घेणारी, मग घास मिळाला की सैल होणारी, आणि शेवटी खरोखरच कुठेतरी मागे त्यांचा कमरेचा पट्टा. त्यांना अगदी भरून आलं.

साडूंनी परत मटण वाढून घेतलं. मग जरा वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "खरं सांगू का साडूभाऊ, तिकडे मी ही नुसतीच प्यायलो होतो. जेवण यायच्या आधीच. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांपुढे बोलायला उभा राहिलो तर जीभ टाळ्याला चिकटलेली. कशाबरोबर घ्यायची हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून तर तुमच्यावर टाकलं."

औषधवाल्यांनी चीजची ताटली साडूंकडे सरकवली. वायरलेसवाल्यांनी, मी पहिल्यापासून मटणच म्हणत होतो, असं सांगून टाकलं आणि कोणी त्यांना खोडून काढलं नाही.

निघायची वेळ झाली. साडू खाली गाडीपाशी गेले. ताई दारात चपला घालत होती आणि बायको तिच्या शेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ताईने एकवार आत वळून पाहिलं. सोफा जिथे होता तिथेच होता. पडदे तेच होते. औषधवाल्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. ताई काही बोलली नाही. ती वळली, जिना उतरू लागली, वळणापर्यंत गेली. एक पाऊल, आणखी एक पाऊल, आता दिसेनाशी होणार. आणि तिथे ती थांबली.

"अगं," तिने मान वर करून म्हटलं.

औषधवाल्यांनी डोळे मिटले.

"उत्तम झालं होतं सगळं. फक्त पुढच्या वेळी तुरटी जरा कमी."

ती खाली निघून गेली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. बायकोने दार लोटलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. औषधवाल्यांना तिच्याकडे बघवेना. ते नसराळं पुसू लागले, नको तितका वेळ पुसत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "सुचवलंच अखेर."

"हो," बायको म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "पण पुढच्या वेळी म्हणाली ती. ऐकलंत ना?"

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तुरटीचा डबा काढून त्यात डोकावून पाहू लागली. ओट्यावर तालमीची बाटली होती, तळाशी थोडी उरलेली. औषधवाल्यांनी ती उचलली, बूच घट्ट लावलं, चांगली हलवली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिली.